परदेशी विद्यार्थी : विद्यापीठीय आवारातील हिंसाप्रतिबंध

विद्यार्जनार्थ स्वदेश सोडून आलेल्या विद्यार्थ्यास मारहाण, छळ व अवमान यांपासून अभय मिळावे म्हणून विद्यापीठ, वसतिगृह आणि पोलीस यांनी करावयाची व्यवस्था. वर्धा शहरास लागून असलेल्या पिपरी मेघेच्या परिसरात या विषयाचा संबंध मुख्यत्वे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाशी येतो. १९७५ च्या नागपूर येथील पहिल्या विश्व हिंदी संमेलनात ज्याची कल्पना पुढे आली आणि १९९७ मध्ये जे वर्ध्यास स्थापन झाले, त्या या विद्यापीठात हिंदीच्या अध्ययनासाठी परदेशांतूनही विद्यार्थी येतात.

कायदे : महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमान्वये अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी न करणारा संस्थाप्रमुखही अपराधास साहाय्य केल्याचा दोषी मानला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिने वर्ण, वंश, राष्ट्रीयत्व व भाषिक ओळख यांवरून केलेला छळ रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत घातला, हे प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल होय. नवागतास दाखल होताच एक छापील पत्रक द्यावे, त्यात संस्थाप्रमुख, वसतिगृहाचे अधीक्षक व रॅगिंगविरोधी समितीचे सदस्य यांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असावेत, असाही दंडक आहे. मात्र ते पत्रक त्याला वाचता येणाऱ्या भाषेत नसेल, तर ही समिती, रॅगिंगविरोधी पथक, विद्यार्थी-पालकांची प्रतिज्ञापत्रे ही पुढील सारी यंत्रणा त्याच्यापुरती व्यर्थ ठरते.

नोंदणी : दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने आगमनापासून चौदा दिवसांत आपली नोंद करावयाची असते, जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. ही पद्धत परकीयांवर नजर ठेवण्यासाठी निर्माण झाली असली, तरी त्याच दप्तरातून संरक्षणाचाही आरंभ होऊ शकतो.

आवाराबाहेर : संस्थेचा अंमल बाहेरच्या इसमावर चालत नाही. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेणारा पुण्याचा अनुज बिडवे २६ डिसेंबर २०११ च्या पहाटे मित्रांसह सॅलफर्डमधून पायी जात असता, वेळ विचारण्याच्या मिषाने जवळ आलेल्या अनोळखी इसमाने त्याला गोळी घातली. अपराध्यास २०१२ मध्ये किमान तीस वर्षांची जन्मठेप झाली. मृत्यूची वार्ता पुण्यातील कुटुंबास फेसबुकवरून कळली, आणि त्याबद्दल इंग्लंडमधील पोलिसांनी क्षमा मागितली. नातेवाइकांस कोणी व किती तातडीने कळवावे, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच निकालात निघाला पाहिजे.

बाहेरच्यांचा उपद्रव आवाराच्या आतही पोहोचू शकतो : भारतात १६ मार्च २०२४ च्या रात्री अहमदाबादच्या गुजरात युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहात नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ला केला. घटनेच्या कारणांविषयी निरनिराळी निवेदने झाली. पुढे परदेशी विद्यार्थ्यांना दुसऱ्या वसतिगृहात हलविण्यात आले.

समुपदेशन : आयोगाच्या विनियमांत विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचीही तरतूद आहे.