धर्मस्वातंत्र्य आणि सरकारची देखरेख

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं, पूर्वजांनीं पै पै जमवून उभारलेल्या आपल्या ख्रिस्तमंदिराकडे पाहतांना आमच्या मनांत एक प्रश्न सहज उभा राहतो : भक्तिभावानें वाहिलेल्या द्रव्यावर अधिकार कोणाचा, धर्मसंस्थेचा कीं सरकारचा? ह्याचा निवाडा पूर्वीच्या मुंबई राज्यांतीलच एका खटल्यानें झाला. त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

सन १९५० मध्यें मुंबई राज्यांत सार्वजनिक ट्रस्टांविषयीं कायदा झाला. सर्व धर्मांच्या ट्रस्टांची नोंदणी व्हावी, हिशेब तपासले जावे व त्यांवर चॅरिटी कमिशनराची देखरेख असावी, असा त्याचा उद्देश होता. देवाच्या नांवानें जमलेला पैसा माणसाच्या खिशांत जाऊं नये, हा हेतु चांगलाच. परंतु प्रसंगीं त्या अधिकाऱ्यासच धर्मसंस्थेचा विश्वस्त नेमावें, आणि दात्याचा मूळ हेतु साध्य होण्यासारखा असतांही निधि अन्य कार्याकडे वळवावा, अशीही वाट त्यांत ठेविली होती.

एका जैन मंदिराचे व्यवस्थापक व मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त ह्यांनीं ह्याविरुद्ध दाद मागितली. उच्च न्यायालयांत त्यांस यश आलें नाहीं. तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. १९५४ च्या मार्च महिन्यांत न्यायमूर्ति मुखर्जी ह्यांनीं निकाल दिला.

राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें धर्माचरणाचें व धर्मप्रसाराचें स्वातंत्र्य दिलें आहे; मात्र तें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य ह्यांच्या अधीन आहे. २६ व्या कलमाप्रमाणें धर्मविषयक कारभार हा पंथाचा मूलभूत हक्क होय. मालमत्तेची व्यवस्था मात्र कायद्यास अनुसरून व्हावयाची. ह्याच भेदावर न्यायालयानें निकाल दिला. धर्म म्हणजे केवळ अंतःकरणांतील श्रद्धा नव्हे, तदनुसार होणारे विधि व आचारही धर्मच, हें त्यानें मान्य केलें. देखरेखीच्या खर्चासाठीं घ्यावयाची वर्गणी कायदेशीर ठरली. परंतु देवस्थानावर सरकारी अधिकारी विश्वस्त म्हणून बसविणें आणि दात्याचा हेतु डावलून निधि वळविणें रद्द झालें. कायद्यानें कारभारास वळण लावावें, कारभार हिरावून घेऊं नये, असें ह्याचें तात्पर्य.

जैन व पारशी बांधवांनीं मिळविलेल्या ह्या न्यायाची सावली आमच्या मंदिरावरही आहे, हें आम्हीं विसरूं नये. तसेंच, जेथें जमाखर्चाची वही स्वच्छ नसते, तेथेंच सरकारच्या हातास आंत येण्यास निमित्त मिळतें. पूर्वजांचें दान आमच्या हातीं ठेव म्हणून आलें आहे. तिचा हिशेब चोख राखणें हेंच आमच्या स्वातंत्र्याचें पहिलें संरक्षण होय.