उंचीवरील काम आणि कामगाराचे शिक्षण : माधवनगरच्या निमित्ताने

मार्च १९४८ मध्ये सांगली-मिरजेची पटवर्धनी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. याच स्थित्यंतराच्या काळात, १ एप्रिल १९४९ पासून, १९४८ चा कारखाने अधिनियम अमलात आला. माधवनगरसारख्या कापडगिरणीच्या गावी उंचीवर काम करणाऱ्या माणसास या अधिनियमाने काय दिले आणि काय दिले नाही, हा प्रश्न विचारार्ह आहे.

जुन्या धर्तीच्या गिरणीत एका इंजिनाची गती छताजवळील लांब शाफ्टमार्फत खालच्या यंत्रांस पोचविली जाई. फिरत्या शाफ्टला तेल घालण्यासाठी किंवा कप्पीवर पट्टा चढविण्यासाठी माणसास शिडीवर चढावे लागे. अधिनियमाच्या कलम २२ ने चालत्या यंत्रावरील असे काम खास शिक्षण मिळालेल्या, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या व नोंदवहीत नाव असलेल्या प्रौढ पुरुष कामगारापुरतेच मर्यादित केले. तथापि शिक्षणाची ही अट शाफ्टच्या गतीमुळे आली होती, शिडीच्या उंचीमुळे नव्हे. उंचीवरून पडण्याचा धोका कलम ३२ ने ओळखला. परंतु त्यावर सुचविलेला उपाय कठड्याचा अथवा तत्सम व्यवस्थेचा होता. लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि याऱ्या, साखळ्या व दोर यांची दर बारा महिन्यांनी तपासणी करण्याचा नियम कलमे २८ व २९ यांत होता. सारांश, दोराची परीक्षा ठरलेल्या मुदतीने होई. दोरावर विसंबणाऱ्या माणसाच्या ज्ञानाची मात्र होत नसे.

हा दृष्टिकोण बदलण्यास भोपाळची १९८४ ची दुर्घटना कारणीभूत झाली. १९८७ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १११-क अन्वये सुरक्षिततेचे शिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली.

दरम्यान शिडीचे आणि परांचीचे काम यंत्राने वर उचलल्या जाणाऱ्या फिरत्या मंचाकडे जाऊ लागले. या मंचास कठडा असतोच. परंतु जमीन भुसभुशीत असेल, विजेची तार जवळ असेल किंवा भार मर्यादेबाहेर गेला असेल, तर कठड्यासह सारा मंच संकटात सापडतो. तो कोठे उभा करावा आणि केव्हा खाली घ्यावा, याचा निर्णय चालकाच्या हाती असतो. म्हणूनच अशा मंचांच्या चालकांच्या शिक्षणासाठी २००४ मध्ये आय.एस.ओ. १८८७८ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले.

गिरणीच्या शिडीपासून या मंचापर्यंतचा इतिहास एक गोष्ट स्पष्ट करतो. स्थिर जागेचे रक्षण कठडा करू शकतो. जागाच हलू लागली की रक्षणाचा भार शिक्षणावर येतो. ते शिक्षण केवळ हक्क म्हणून कागदावर राहिले, तर नोंदवहीतील नावास अर्थ उरत नाही.