आईबापांची साक्ष नोंदवा, उशीर होतो आहे

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. कर्ती माणसं मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. या म्हातार्‍यांजवळ आमचा इतिहास आहे. माणसं तोडणी संपवून परत येतात, तेव्हा दरवर्षी त्यातला एखादा आवाज कायमचा बंद झालेला असतो.

मग आम्ही फोटोला हार घालतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवतो आणि "त्यांनी फार कष्ट उपसले" असं भाषण करतो. कोणाच्या शेतात कष्ट उपसले? किती मजुरीवर? कोणत्या साली? इथे आमची गाडी अडते. "फार कष्ट उपसले" हा इतिहास नव्हे. ती आमच्या अज्ञानावर घातलेली चादर आहे.

गावचा इतिहास लिहिलेला नाही असं नाही. पाटील-देशमुखांच्या सनदा आहेत, इनामांचे कागद आहेत, देवळांच्या पायर्‍यांवर देणगीदारांची नावं आहेत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं, मराठवाडा मुक्त झाला, त्याचीही पुस्तकं आहेत. पण त्या दिवसांत महारवाड्यात, मांगवाड्यात चूल कशी पेटत होती, वेठीला कोण जात होतं, गावकीची कामं नाकारल्यावर काय झालं, हे कोणी लिहिलं? ऊसतोडीतही तेच. नवराबायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. दोघं राबतात, पण उचल नवर्‍याच्या नावावर लिहिली जाते. आमच्या आया त्या वहीत अर्ध्या कोयत्याएवढ्याही दिसत नाहीत.

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात त्यांनी स्वतःचेच प्रसंग सांगितले. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरतात आणि जात कळताच गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाहीत. दुप्पट भाड्यावर एकजण तयार होतो, पण बैल मुलांनीच हाकायचे. पुढे १९३४ साली, आमच्याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून झालेला गोंधळ त्यात आहे. स्टेशनचं नाव, साल, भाडं, कोण काय म्हणालं, सगळं त्यात आहे. म्हणूनच ते वाचून कोणी "असं काही नव्हतं" म्हणू शकत नाही.

"आमच्या अडाणी आईबापाचं काय लिहायचं?" असं विचारणार्‍यांनी दामोदर जाधवांकडे पाहावं. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेला हा माणूस निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी लिहू लागला. त्यातूनच नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली आलं. मुलाने आग्रह धरला नसता तर ते पुस्तकही नसतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या म्हातार्‍या बायांना गाठून बोलतं केलं, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' उभं राहिलं. तोवर चळवळीचा इतिहास म्हणजे पुरुष पुढार्‍यांची यादी होती.

लांब कशाला जायचं? माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या या. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्यासोबतच्या बायांनी त्यात बाबासाहेब गायिले आहेत. गिरण्या आल्या, जाती कोपर्‍यात गेली. त्या वर्षी तिथे टेप पोचला नसता, तर बीडच्या बायांनी बाबासाहेबांना कसं जपलं याचा हा पुरावा उरला नसता.

आणि हा प्रश्न नुसत्या भावनेचा नाही, जमिनीचाही आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहापासून गायरानाची मागणी रेटली गेली. बीड जिल्ह्यात मानवी हक्क अभियानाच्या एकनाथ आवाडांनी तो लढा गावोगाव नेला. दुकडेगावच्या पोतराजाच्या घरात जन्मलेला हा माणूस २०१५ साली गेला, पण जाण्याआधी 'जग बदल घालुनी घाव' लिहून गेला. गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याच्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० ही तारीख आहे. त्याआधी जमीन कोण कसत होतं, हे सिद्ध करावं लागतं. गाव नमुना १-ई मध्ये नोंद असेल तर ठीक. नसेल तर? कोणत्या साली पहिला नांगर धरला, दंडाची पावती कुठल्या ट्रंकेत आहे, पंचनाम्याला कोण हजर होतं, हे ज्या म्हातार्‍याला माहीत, तो गेला की दावा लंगडा होतो.

काहीजण म्हणतील, म्हातार्‍यांच्या आठवणीचा काय भरवसा? आठवण चुकते, हे खरं. पण कागदही खोटं बोलतो, हे आम्ही मुकादमाच्या वहीत पाहिलंच आहे. उपाय सोपा आहे. सन विचारू नका, खूण विचारा. पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर? देव्हार्‍यातले देव कधी काढले? बहात्तरच्या दुष्काळात, मिलो आणि सुकडी खाल्ली तेव्हा, लग्न झालं होतं का? अठ्ठ्याहत्तरला नामांतराची दंगल झाली तेव्हा थोरला केवढा होता? एकाच प्रसंगाबद्दल दोघांना विचारा. सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवा.

बाप बोलत असेल तर आईला वेगळं बसवून विचारा, नाहीतर ती "हेच सांगतेत की" म्हणून गप्प बसेल. बाबासाहेबांना पाहिलं का, एवढंच विचारून उठू नका. मजुरी, बाळंतपण, पाणवठा, मुलाला शाळेत घालताना मोडलेला डाग, सगळं विचारा. त्यांची बोली पुस्तकी करू नका. जे सांगायला जीव धजत नाही ते ओढून काढू नका, आणि कोणाला ऐकवायचं, कोणाला नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

हे काम विद्यापीठावर सोडायचं नाही. नामांतरासाठी ज्यांनी घरं जळताना पाहिली, त्यांची नातवंडं आज त्याच विद्यापीठात शिकतात. त्यांच्या खिशात मोबाईल आहे, त्यात रेकॉर्डर आहे. आवाज दोन ठिकाणी साठवा, सांगणार्‍याचं पूर्ण नाव, गाव, तारीख लिहा आणि एक प्रत गावच्या बुद्धविहारात ठेवा. तिथे पुढार्‍यांच्या फोटोंना जागा आहे, तर आपल्या आईबापांच्या साक्षीलाही एक कपाट हवं.

यंदाही दिवाळीनंतर वस्त्या रिकाम्या होतील. आजी ओट्यावर बसलेली असेल. नातवाला एवढंच सांगून जा: रोज संध्याकाळी आजीला एक प्रश्न विचार आणि लिहून ठेव.

जयभीम!