टाचणीवरचा पुरावा

भिवंडीला लागून असलेलं शेलार आज यंत्रमाग आणि गोदामांच्या गजबजाटात वसलेलं असलं, तरी तालुक्याचं जुनं पीक भात आणि भाताचा जुना वैरी खोडकिडा. मादी पिवळी, पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका. अळी खोडात शिरली की गाभामर होते. लोंबी येताना शिरली तर दाणा न भरलेली पांढरी पळिंज उभी राहते. पळिंज दिसते, किडा नाही. मग तो ओळखायचा कसा? आधी पकडून, नाव देऊन ठेवलेल्या नमुन्याशी ताडून.

असे नमुने जमवण्याचा नाद मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात रुजला. १८८३च्या सप्टेंबरात आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते, पतंगांचे जाणकार कर्नल स्विन्हो होते आणि साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड एटकेनही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून एटकेन पुढे जकात व मीठ खात्यात गेले. डेव्हिडसन आणि बेल या अधिकाऱ्यांसोबत त्यांनी कारवारकडच्या फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या, त्या कोणती पानं खातात ते टिपलं. अ‍ॅनॉफिलीस डासाच्या एका जातीला त्यांचंच नाव आहे.

हौशी लोकांचं हे काम पुढे अभ्यासक्रमात आलं. सोसायटी मुंबई विद्यापीठाची मान्यताप्राप्त संशोधन संस्था झाली, तर १९७२मध्ये दापोलीला कोकणासाठी कृषी विद्यापीठ उभं राहिलं. कृषीच्या विद्यार्थ्याला कीटकसंग्रह करावाच लागतो. हातजाळी, मारण्याची बाटली, पंख पसरायची फळी, डांबरगोळ्या. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखातून टोचायची, म्हणजे डावी बाजू अभ्यासाला शाबूत राहते.

खरी कसोटी खालच्या चिठ्ठीची. गाव, तालुका, तारीख, पीक, पकडणाऱ्याचं नाव. एवढं नसेल तर देखणा पतंगही संशोधकाच्या फारसा कामाचा नाही.

२०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात मक्यावर सापडली, तेव्हा ती इथल्या जुन्या लष्करी अळ्यांपेक्षा वेगळी असल्याचं ठरवायला नमुने आणि डीएनए दोन्ही लागले. आता जुन्या नमुन्याचा एखादा पाय काढूनही डीएनए मिळवता येतो. मात्र कोकणच्या दमट हवेत बुरशी आणि संग्रह पोखरणारे भुंगेरे टपलेलेच असतात, म्हणून पेट्या वरचेवर उघडून तपासाव्या लागतात.