गुराबेची लांबी

शेंदूरजनाघाटहून समुद्र कोणत्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या आत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे गाव संत्र्याच्या बागांसाठी आणि संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. अशा गावच्या माणसाला जुन्या लढाऊ जहाजांच्या प्रतिकृती करण्याचा नाद कसा लागला, असे मला नेहमी विचारतात. माझे रोजचे काम पदार्थविज्ञानातल्या संशोधनाचे. तिथे एखादी चूक सापडायला वर्ष जाते. लाकडावर काम करताना ती लगेच दिसते, म्हणून हा छंद धरला असे मी सांगत असे. आता सांगत नाही, कारण माझ्या सर्वांत आवडत्या प्रतिकृतीतली चूक मला नऊ वर्षे दिसली नव्हती. ती दाखवली नववीतल्या एका मुलीने.

ही प्रतिकृती मराठ्यांच्या आरमारातल्या गुराबेची. मी ती गावातल्या एका शाळेला दिली होती आणि तिथे ती काचेच्या कपाटात होती. खाली पाटी होती : 'प्रमाण १ : ४८'. गणिताच्या तासाला प्रमाण शिकताना त्या मुलीने पट्टी लावून जहाज मोजले. लांबी साडेपंचवीस इंच. ४८ ने गुणल्यावर १२२४ इंच, म्हणजे १०२ फूट. रुंदी त्याच हिशेबाने साडेपंचवीस फूट. मी सुटीत गावी गेलो तेव्हा तिने विचारले, "सर, गुराब एकशे दोन फूट होती हे कशावरून?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. लांबी रुंदीच्या चौपट ठेवली तर जहाज डोळ्याला डौलदार दिसते, एवढाच माझा आधार होता.

जहाजाची प्रतिकृती करणाऱ्याला खरे तर आराखडे लागतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट घ्या. सागवानी लाकडाचे हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे उभे आहे. तिचे आराखडे लंडनहून मुंबईला 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून पाठवले होते. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा' नष्ट केली आणि आराखडेही गेले. ते पुन्हा पाठवावे लागले आणि तोवर काम अडले. कागद आल्याशिवाय जहाज नाही, अशी ती पद्धत होती. त्यामुळे ट्रिंकोमालीची तोफमजल्यावरची लांबी सुमारे १५०.४ फूट आणि रुंदी जवळजवळ ४० फूट, हे आपल्याला इंचापर्यंत माहीत आहे.

गुराबेचे तसे नाही. आंग्र्यांच्या काळातल्या गुराबेचे मापात काढलेले आराखडे आपल्या हाती नाहीत. बांधणाऱ्या कारागिरांचे माप त्यांच्या हातात आणि डोळ्यात असे. जहाजे तरी उरावीत, तर तीही उरली नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकत्र नांगरून उभे होते. 'रिस्टोरेशन' नावाचे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून घेतले होते. त्यावर एक तोफगोळा पडला, आग लागली आणि ती एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत गेली. काही तासांत सगळे आरमार जळाले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे आपल्याकडे शिकवताना बहुधा घाईने उरकले जाते. तसे करू नये असे मला वाटते. मराठ्यांच्या सागरी सत्तेचा कणा मोडताना मराठ्यांचाच हात लागला, ही गोष्ट मुलांना कळायला हवी.

मग आधार कशाचा घ्यायचा? सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे अशी जहाजांची नावे येतात, पण मापे येत नाहीत. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर सागरी लढाई कोरलेली आहे. तिथे वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका दिसतात, पण त्या कितीतरी आधीच्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण जास्त उपयोगी पडते. जहाजे फार मोठी नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत. वारा नसला की निरुपयोगी ठरतील अशी तर बांधूच नयेत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, असा त्यातला विचार आहे. एका गुराबेमागे तीन गलबते का, हे पुढे कळेल.

प्रत्यक्ष वर्णन मिळते ते शत्रूपक्षाकडून. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ मध्ये निघाला. त्यात तो सांगतो की गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असतात, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची सुमारे १५०. लांबीच्या मानाने ती फार रुंद असते आणि मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाते. पुढे युरोपीय जहाजासारखी गोल छाती नसते, तर भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांसारखी पुढे झेपावणारी लांब नाळ असते. या नाळेवरून मारा करतील अशा नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा समोर रोखलेल्या असतात. (गुराब हा शब्द अरबी 'घुराब'वरून आला आहे. त्याचा अर्थ कावळा. नाळ पाहिली की ती चोच आठवते खरी.)

टनांचा आकडा आहे आणि आकाराचे वर्णन आहे, म्हणजे लांबी काढता येईल. इंग्रज त्या काळी जहाजाचा टनभार एका सूत्राने काढत. लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करायचे, उरलेल्याला रुंदीने आणि मग अर्ध्या रुंदीने गुणायचे आणि ९४ ने भागायचे. सगळी मापे फुटांत. ट्रिंकोमालीची मापे घालून पाहिली तर हजारापेक्षा थोडे जास्त टन येतात आणि तिचा नोंदलेला टनभारही त्याच्या आसपासचाच आहे. ऑर्मच्या ३०० टनांना हेच सूत्र लावले, असे आपण गृहीत धरू. लांबी रुंदीच्या चौपट असेल तर रुंदी साडेपंचवीस फूट आणि लांबी १०२ फूट येते. ही माझी प्रतिकृती! तिप्पट असेल तर रुंदी २८.६ फूट आणि लांबी ८६ फूट. हे उदाहरण नववी-दहावीच्या वर्गाला देण्यासारखे आहे. घनमूळ काढावे लागते आणि उत्तराला अर्थ असतो.

यातले खरे कोणते? ऑर्मच्या डोळ्यासमोर इंग्रजी जहाजे होती. ट्रिंकोमालीत लांबी रुंदीच्या पावणेचार पट आहे, ऑर्मच्या काळातली इंग्रजी लढाऊ जहाजे साडेतीन पटीच्या आसपास. अशा जहाजांना सरावलेला माणूस 'लांबीच्या मानाने फार रुंद' म्हणतो, तर गुराब साडेतीन पटीपेक्षाही आखूड असली पाहिजे. चौपट तर मुळीच नाही. माझी गुराब गुराब नव्हती. ती नाळ लावलेली इंग्रजी फ्रिगेट होती आणि नऊ वर्षे मुले तीच पाहत होती.

मी दुसरा सांगाडा करायला घेतला, या वेळी तिप्पट प्रमाणाचा. लाकूड संत्र्याचे. आमच्याकडे डिंक्या रोगाने किंवा वयाने झाड गेले की बाग उपटली जाते आणि लाकूड चुलीत जाते. गावातले सुतारकाका मला म्हणाले, "अरे, घरात सागाच्या फळ्या पडल्या असताना संत्र्याचं लाकूड कायले घेतं?" त्यांना समजावायला वेळ लागला. सागाच्या लाकडातली छिद्रे साध्या डोळ्यांना दिसतात. ४८ पट लहान केलेल्या जहाजाच्या फळीवर ती खड्ड्यांसारखी दिसतील. सागवानी जहाजाची प्रतिकृती सागाची करता येत नाही! संत्र्याचे लाकूड दाट, बारीक पोताचे असते आणि वाफ दिली की पातळ पट्टी फासळ्यांवर छान वळते.

लांबी ४८ पट लहान होते तेव्हा आकारमान, आणि म्हणून वजन, ४८ चा घन म्हणजे १,१०,५९२ पटींनी लहान होते. नऊ पौंडी तोफ साधारण सव्वा टनाची धरली तर प्रतिकृतीतली तोफ अकरा ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. डोलण्याचा काळ मात्र ४८ च्या वर्गमुळाने, जवळजवळ सात पटींनी, कमी होतो. खरे जहाज सात सेकंदांत एकदा डोलत असेल तर ही एका सेकंदात डोलते. म्हणून टबातली जहाजे नेहमी घाबरल्यासारखी दिसतात. जुन्या चित्रपटांत छोट्या जहाजांची दृश्ये हळू करून दाखवत, त्याचे कारण हेच.

दोन्ही सांगाडे मी आमच्या बागेतल्या टाक्यात सोडले. आत वाळू भरून दोन्हींचे वजन सारखे केले. एका बाजूला वजन ठेवले की आखूड, रुंद सांगाडा कमी कलला. हे अपेक्षितच होते, कारण आडवे कलणे रोखण्यात रुंदीचा घन मोजला जातो. मग पुढच्या दोन तोफांचे बावीस ग्रॅम त्यांच्या जागी ठेवले. आता उलटे झाले. पुढेमागे कलणे रोखण्यात लांबीचा घन मोजला जातो. हिशेब केला तर आखूड सांगाड्याची नाळ लांब सांगाड्यापेक्षा जास्त खाली जायला हवी. गेली. हाताने लाट केली की नाळ पाण्यात बुचकळू लागली. मला वाटले, आपला तर्क फसला. समोर तोफा ठेवणारा आणि शत्रूवर समोरून जाणारा कारागीर असे बुडक्या तोंडाचे जहाज कशाला बांधेल?

रात्री ऑर्मचे वर्णन पुन्हा वाचले. ते मी पूर्वी तीनदा तरी वाचले होते. त्यात स्पष्ट म्हटले आहे की समोरून लाटा येत असताना गुराब जोराने वरखाली होते, म्हणून नाळेवरच्या तक्तपोशीला बाकी जहाजासारख्या भिंती नसतात. ती उघडी ठेवतात, म्हणजे वर आलेले पाणी अडथळ्यावाचून वाहून जाते. टाक्यात जे दिसले ते ऑर्मने लिहूनच ठेवले होते! माझ्या जुन्या प्रतिकृतीत मी नाळेवर दोन्ही बाजूंनी नाजूक कोरीव कठडा केला होता. पाहुणे त्याचेच कौतुक करत.

हा दोष कारागिरांना का चालला असेल, याचे उत्तर गलबतांमध्ये आहे. गलबत म्हणजे गुराबेसारखेच पण लहान जहाज, मोठ्यातले मोठे सत्तर टनांचे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत आणि वल्ह्यांवर ते ताशी चार मैल जाई. एका वल्ह्याला एक माणूस आणि माणसाची टिकाऊ शक्ती नव्वद वॅट धरली तर चाळीस माणसांचे ३६०० वॅट होतात. म्हणजे आमच्या विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप! वारा पडला की शत्रूचे मोठे जहाज जागच्या जागी थिजे. अशा वेळी गलबते गुराबेला दोर लावून ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभी करत, जिथे त्याच्या कुशीतल्या तोफा पोचत नाहीत. तिथून नाळेवरच्या तोफा शत्रूच्या डोलकाठ्यांचा वेध घेत. वारा पडलेला म्हणजे समुद्र बहुधा शांत आणि शांत समुद्रात नाळ बुचकळत नाही. आज्ञापत्रात गुराबेमागे तीन गलबते का, वाऱ्यावाचून अडणारे जहाज का नको, हे मला त्या टाक्याच्या काठावर उमगले. खवळलेल्या समुद्रातली आणि दूर पल्ल्याची इंग्रजी जहाजाची सोय गुराबेला नव्हती, हेही त्यातच आले.

असे उलटे शोधत जाणे आता आरमारालाही करावे लागले आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून शिवलेल्या फळ्यांचे 'कौंडिण्य' हे जहाज बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये ते कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले. तिथेही आराखडे नव्हते, होते ते भिंतीवरचे चित्र. त्याची लहान प्रतिकृती मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये पाण्यात तपासून मगच पुढे जाता आले. आमच्या टाक्यापेक्षा त्यांचे टाके अर्थातच मोठे.

नवी गुराब गेल्या दिवाळीत पुरी झाली. साडेएकवीस इंच लांब, सव्वासात इंचांहून किंचित कमी रुंद आणि पुढची नाळ त्याच्या बाहेर, कारण टनभाराच्या लांबीत ती धरत नाहीत. कठडा नाही. जुनी मी परत न्यायला निघालो तेव्हा त्या मुलीच्या वर्गाने ती देऊ नये असे ठरवले. आता कपाटात दोन्ही शेजारी आहेत. जुनीच्या पाटीवर मुलांनी '१०२ फूट' हे शब्द खोडले नाहीत, फक्त पुढे '(कशावरून?)' असे लिहिले आहे. नवीच्या पाटीवर ऑर्मचे नाव आहे, सूत्र आहे आणि '८६ फूट' पेन्सिलीने.