व्याजाचें गणित आणि नांगराची निशाणी

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'मध्यें पंचराशिकाच्या प्रकरणांत व्याजाचें एक सोपें उदाहरण आहे. शंभरांस एका महिन्याचें व्याज पांच, तर सोळांस एका वर्षाचें किती, एवढाच प्रश्न. उत्तर ९ पूर्णांक ३/५ येतें. इ. स. ११५० च्या सुमारास रचिलेल्या या ग्रंथांतील हें उदाहरण वाचतांना आमच्या मनांत एक खुळी शंका येते. दरमहा शेंकडा पांच म्हणजे वर्षाला शेंकडा साठ! हा दर ऐकून एखाद्या शिष्यानें दचकून गुरूंकडे पाहिलें असेल काय? ग्रंथ गणिताचा आहे, तेव्हां आचार्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. पण व्याज काढावयास शिकविणें निराळें आणि व्याजापासून सांभाळावयास शिकविणें निराळें. आपल्याकडील शिक्षणानें पहिली गोष्ट जितकी मनावर घेतली तितकी दुसरी घेतली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

पंतोजींच्या शाळेचें वर्णन आजवर बहुधा छडीच्या अंगानेंच झालें आहे. त्या शाळेंत पैशाचें शिक्षण मिळत असे, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. धूळपाटीवर अक्षरें गिरवून झालीं कीं मुलगा अंकांकडे वळे, आणि पाढे पाठ होतांच पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी रांग सुरू होई. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या मुलांना हा निव्वळ छळ वाटेल. परंतु त्या घोकंपट्टीमागें बाजार उभा होता. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. म्हणून जितके रुपये मण तितके आणे अडीच शेर. जोंधळा सात रुपये मण असला तर अडीच शेरांस सात आणे. हें ज्याला ठाऊक, त्याला वाण्याच्या दुकानांत पाटी-पेन्सिलीची गरज पडत नसे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, पाठोपाठ किलोग्रॅम आला, आणि हें सारें पाठांतर एका पिढींत निरुपयोगी झालें. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचें प्रयोजन नाहीं. मात्र गणिताचा आणि पैशाचा तो जुना घरोबा त्याबरोबर तुटला, तो शाळेंत पुन्हां तसा जुळला नाहीं.

आतां या शाळांत बसत कोण? बहुतेक ब्राह्मणांचीं, कुळकर्ण्यांचीं, व्यापाऱ्यांचीं मुलें. ज्यांच्या नांवानें कर्जरोखे लिहिले जात त्या कुणब्यांचीं मुलें गुरांमागें असत. मुलींची तर गोष्टच नको. रोखा लिहावयाचा मोडींत, वाचावयाचा सावकारानें, आणि खालीं कुणब्यानें करावयाची नांगराची निशाणी.

या अज्ञानाची किंमत १८७५ सालीं दिसून आली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१ ते १८६५) कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनीं हात सैल सोडला; युद्ध संपतांच भाव कोसळला, पण कर्ज राहिलें. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर. हेतु रयतेच्या रक्षणाचा, कीं रोख्याची मुदत तीन वर्षांची असावी. परिणाम असा झाला कीं, दर तीन वर्षांनीं सावकार व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहून घेऊं लागला. दरमहा शेंकडा दोन धरून चालूं. शंभर रुपयांचे तीन वर्षांत १७२ होतात. नवा रोखा झाला कीं सहा वर्षांअखेर सुमारें २९६, आणि तिसऱ्या रोख्यानंतर नऊ वर्षांअखेर सुमारें ५०९. सरळ व्याजानें ही रक्कम ३१६ झाली असती. मधल्या १९३ रुपयांत एखाद्या कुटुंबाची जमीन जात असे.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयत उठली, आणि दंग्याचें लोण नगर जिल्ह्यांतहि पोंचलें. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. रोखे व हुकूमनामे हिसकून त्यांनीं त्यांची होळी केली. ज्या कागदांतील अक्षर त्यांस लागत नव्हतें त्यांचा अर्थ त्यांस पुरता कळलेला होता! चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ऋणकोस पावती मिळावी, खात्याचा उतारा मिळावा, अशा तरतुदी त्यांत होत्या. उतारा मिळेल, पण तो वाचणार कोण?

हा प्रश्न जोतीराव फुले यांनीं नेमका ओळखला होता. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांनीं जो अभ्यासक्रम मागितला, त्यांत मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबरच हिशेबाला स्थान होतें, आणि शेतकीच्या मूलतत्त्वांनाहि. मोडीचा आग्रह कशासाठीं, हें वरील रोख्याकडे पाहिलें कीं उमजतें. आमच्या मतें आपल्याकडे मुलांना पैशाचा व्यवहार शिकविण्याच्या विचाराचा आरंभ येथून धरावा, त्याच वर्षीं निघालेल्या पोस्टाच्या बचत बँकेपासून नव्हे. बँकेनें साठविण्याची सोय केली. फुल्यांना फसवणूक ओळखणारा माणूस हवा होता.

आपल्या पांढरपेशा घरांतून मात्र पैशाविषयीं मुलांसमोर बोलणेंच अप्रशस्त मानलें गेलें. जमाखर्चाची वही वडिलांच्या पेटींत, आणि आईच्या हातीं महिन्याची मोजकी रक्कम. आतां २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनें दहा वर्षांवरील मुलांस स्वतःचें बचत खातें चालवितां येतें. पाठ्यपुस्तकांत चक्रवाढ व्याजहि आहे.

अलीकडेच शेजारच्या आठवींतील एका मुलास आम्हीं वरील तीन रोख्यांचें गणित घातलें. उत्तर त्यानें बरोबर काढलें, क्षणभर वहीकडे पाहिलें आणि विचारलें, "पण काका, त्यानें पुन्हां निशाणी केलीच कां?" तें सांगतां सांगतां कापसाचा भाव, कायद्याची मुदत आणि मोडी अक्षर हें सारें काढावें लागलें, आणि जेवणाची हांक येईपर्यंत तें पुरें झालें नाहीं.