परम, ट्रान्सप्युटर आणि बार्शीची लाइट रेल्वे

१/ १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचे सूत्र साधे होते: एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको, माल जड असेल तर आस वाढवावेत. हलक्या रुळांवरून जड वाहतूक त्यामुळेच शक्य झाली. नव्वद वर्षांनी पुण्यात, संगणकाच्या क्षेत्रात, याच जातीचा विचार पुन्हा अवतरला.

२/ १९८० च्या दशकात महासंगणक म्हणजे अमेरिकेचा क्रे. एकच अतिवेगवान आणि अतिमहाग प्रोसेसर, फार तर दोन-चार. हवामान अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी-१४ दिल्लीस मिळाला. त्याहून शक्तिमान यंत्र देण्यास अमेरिकेने नकार दिला.

३/ १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. धुरा होती डॉ. विजय भटकर यांच्याकडे आणि मुदत तीन वर्षांची. क्रेच्या तोडीचा प्रोसेसर घडविणारा कारखाना देशात नव्हता. मग एका बलाढ्य चिपऐवजी अनेक साध्या चिपांवर काम वाटून देण्याचा मार्ग निवडला गेला.

४/ त्यासाठी घेतलेली चिप ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीची होती: टी८०० ट्रान्सप्युटर. तिचे वैशिष्ट्य वेगात नव्हते, रचनेत होते. शेजारच्या चिपांशी थेट बोलण्यासाठी तिच्यातच चार दुवे होते. १९९१ मध्ये अशा ६४ चिपांचा ‘परम ८०००’ उभा राहिला.

५/ तोवर बाजार पालटला होता. १९८९ मध्ये इंटेलने आय८६० आणली. ४० मेगाहर्ट्झवर सेकंदाला ८ कोटी गणिते, हा तिचा कागदावरचा कमाल आकडा. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये त्याच्या जवळपास पोहोचणेही कठीण जाई. तरीही वेगात ट्रान्सप्युटर मागे पडला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्या ‘अनुपम’साठी आय८६०च निवडली, आणि सी-डॅकनेही ‘परम ८६००’मध्ये तिला स्थान दिले.

६/ इन्मॉसची सारी आशा पुढच्या टी९००० वर होती. ती चिप रखडली आणि ठरलेला वेग तिला गाठता आला नाही. ज्या चिपेवर भारताने आपला पहिला डाव मांडला, तिचा वंशच खुंटला.

७/ मग परम का बुडाला नाही? कारण खरी कमाई चिप नव्हतीच. एक गणित शेकडो तुकड्यांत कसे वाटावे, तुकड्यांनी परस्परांशी कसे बोलावे, ही विद्या पुण्यात रुजली होती. ‘परम ९०००’ची रचनाच अशी केली गेली की प्रोसेसर बदलता यावा. तेथे सन कंपनीचे स्पार्क आले. १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये अल्ट्रास्पार्क. पुढे स्पार्कही मागे पडले आणि इंटेल परतली.

८/ या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. इन्मॉस, इंटेल, सन: प्रत्येक वेळी चिप परकीयच राहिली. यंत्र नाकारणाऱ्याच्या हातून आपण सुटलो. चिप नाकारली गेली तर काय, हा प्रश्न मात्र उरला.

९/ एकाच आसावर सारा भार नको, हे बार्शीच्या रेल्वेचे सूत्र परमने गणितापुरते पाळले. पुरवठ्याच्या बाबतीत ते पाळणे अजून बाकी आहे.